आंबटओला कागद

मराठीत रंगांच्या नावांचा तुटवडा कधीच नव्हता. मोरपंखी, अंजिरी, डाळिंबी, अबोली, श्रीखंडी, आमसुली, चिंतामणी, बदामी, राखी अशी यादी कोणतीही गृहिणी सहज म्हणून दाखवील. परंतु या नावांचे कूळ पाहू गेल्यास ती बहुतेक कापडपेठेतली आहेत असे दिसते. फळ, फूल, पक्षी, पक्वान्न यांपैकी कशाशी तरी साम्य दाखविले की नाव तयार होते. तो रंग कोणत्या द्रव्यापासून निघाला याच्याशी त्या नावाला कर्तव्य नसते. चित्रकाराच्या रंगपेटीतील नावांची रीत निराळी आहे. ती पुष्कळदा द्रव्यांची आणि स्थळांची नावे असतात. ‘बर्न्ट सायना’ म्हणजे इटलीतील सिएना या नगराच्या नावाने ओळखली जाणारी माती, भाजून तांबूस केलेली. ‘अल्ट्रामरीन’ म्हणजे समुद्रापलीकडची निळाई. बदख्शानच्या खाणींतील लाजवर्दाची ती पूड एके काळी सोन्याच्या मोलाची होती आणि १८२८ च्या सुमारास तिची कृत्रिम कृती फ्रान्समध्ये सिद्ध झाल्यानंतर पुढे शाळकरी मुलाच्या आवाक्यात आली. ‘इंडियन यलो’ तर बिहारातील मुंगेरजवळच्या गवळ्यांकडून येत असे. आंब्याची पाने खाऊ घातलेल्या गाईंचे मूत्र आटवून हा पिवळा रंग काढतात, असे त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी १८८३ साली लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सला कळविले. पुढे त्या हकिकतीवर शंका घेतल्या गेल्या आणि अलीकडच्या रासायनिक परीक्षणांनी तिला दुजोरा दिला. उत्तरेकडे या रंगाला पिउडी म्हणत. आज इंडियन यलो या नावाने मिळणाऱ्या नळीत गाईचाही संबंध नाही आणि आंब्याचाही. नाव तेवढे राहिले आहे.

नावांच्या या दोन कुळांची गाठ जेथे रोज पडते असे स्थान म्हणजे चित्रकलेच्या साहित्याचे दुकान. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, शालेय पुस्तकांच्या आणि वह्यांच्या गर्दीत, अशी दुकाने आहेत. त्यांपैकी एकाच दुकानाची ही हकिकत आहे. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. दुकान रुंदीला बेताचे आणि खोलीला पुष्कळ आहे. दर्शनी भागात शाळेचा माल, मधल्या भागात कुंचले आणि रंगांच्या नळ्या, अगदी आत कागद. कागदाच्या मागे लाकडी जिना, आणि जिन्यावर पोटमाळा. गल्ल्यावरचा संवाद ऐकण्यासारखा असतो. मुलगी ‘पोपटी’ मागते, दुकानदार ‘सॅप ग्रीन’ काढतो, मुलीची आई “हा जरा शेवाळी वाटतो” म्हणते, आणि दुकानदार लेमन यलोची नळी शेजारी ठेवून “यात हा थेंबभर घाला, पोपटी होईल” असे सांगतो. एका वाक्यात दोन भाषा आणि एक प्रयोग होऊन जातो.

या दुकानाचे वर्ष शासकीय रेखाकला परीक्षांच्या तालावर चालते. कला संचालनालयाच्या ‘एलिमेंटरी’ आणि ‘इंटरमिजिएट’ या परीक्षा एरवी बहुधा सप्टेंबरच्या अखेरीस येतात. त्याआधीचे दोन महिने गल्ल्यापुढे पाय ठेवावयास जागा नसते. महाराष्ट्रातील लक्षावधी माणसांचा जलरंगाशी आयुष्यात जो काही संबंध आला तो या परीक्षांपुरता, हे मान्य करावयास हवे. आणि तो संबंध फारसा सुखाचा नव्हता, हेही. ठरलेल्या वेळात वस्तुचित्र पुरे करण्याच्या धास्तीने मुले रंग दाट लावतात, पुन्हा पुन्हा घासतात, शेवटी पांढरा रंग घालून चकाकी दाखवितात. वस्तुतः जलरंगात पांढरा रंग कागदाचाच असतो. तो लावावयाचा नसतो, राखावयाचा असतो. परीक्षेच्या टेबलावर ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

दुकानदार ती सांगतो. त्याचे म्हणणे असे की, हजार रुपये खर्च करावयाचे असतील तर सातशे कागदावर करावेत. पालकांना हे उलटे वाटते. चोवीस रंगांची पेटी दिसते, कागद दिसत नाही. दुकानदार मग कार्ट्रिज कागदाचा एक तुकडा आणि शंभर टक्के कापसाच्या, तीनशे ग्रॅम वजनाच्या कागदाचा एक तुकडा पुढे ठेवतो आणि दोहोंवर पाण्याचा एकेक फटकारा मारतो. पहिला कागद पाणी पिऊन लगेच फुगतो आणि आकसतो. दुसऱ्यावर पाणी काही वेळ चमकत राहते, कारण त्याला खळ दिलेली असते. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागदही दुकानात असतो. महात्मा गांधींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून १९४० साली ही संस्था उभी राहिली. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला तिचा कागद पुण्यातील कित्येक चित्रकारांनी आवडीने वापरला आहे. परदेशी कागदाची किंमत ऐकून जो विद्यार्थी अर्ध्या वाटेतून परत फिरू लागतो, त्याला दुकानदार पूर्ण ताव न देता पाव ताव कापून देतो. कापलेल्या तावाचे उरलेले भाग खपतीलच असे नसते. दुकानदारीच्या हिशेबात हे बसत नाही, पण त्याच्या दुकानाभोवती माणसे जमली त्याचे कारण या पाव तावात शोधावे लागते.

पोटमाळ्यावर पूर्वी रिकामी खोकी असत. कुंचला घेण्यापूर्वी तो पाण्यात बुडवून पाहता यावा म्हणून दुकानदाराने तेथे एक टेबल ठेवले. शेपटीच्या केसांचा कुंचला ओला करून झटकला की टोक आपोआप जुळते की नाही, हे पाहिल्यावाचून तो घेऊ नये, असा त्याचा आग्रह. टेबलाशी माणसे रेंगाळू लागली, मग बसू लागली. आता दर रविवारी सकाळी तेथे पंधरावीस जण जमतात. त्यांत कलामहाविद्यालयाचे विद्यार्थी असतात, संगणक कंपनीत काम करणारे तरुण असतात, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ असतात, आणि सत्तरी ओलांडलेल्या एक आजी असतात. महिन्यातून एकदा कोणी जाणते चित्रकार येऊन प्रात्यक्षिक देतात. त्या दिवशी जिन्याच्या पायऱ्यांवरही माणसे बसतात. एक जण चितारतो आणि बाकीचे श्वास रोखून पाहतात, हा प्रकार बाहेरच्याला विचित्र वाटेल. परंतु कीर्तनाला जाणाऱ्यांना कथा ठाऊक नसते असे थोडेच आहे? बुवा ती कशी नेतात हे पाहावयास माणसे जातात.

जलरंग पुस्तकातून शिकता येतो की नाही, हा प्रश्न या पोटमाळ्यावर वारंवार निघतो. पुस्तके आहेत, आणि चांगली आहेत. मिलिंद मुळीक यांची ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली पुस्तके तर या दुकानात पेटीइतकीच खपतात. तथापि एक अडचण उरते. या माध्यमाचे सारे रहस्य कागद किती ओला आहे या एका गोष्टीत आहे आणि ती गोष्ट छापील पानावर दिसत नाही. इंग्रजी पुस्तकांत दिलेल्या वेळा इंग्लंडच्या हवेतल्या. पुण्यात एप्रिलच्या दुपारी आकाशाचा रंग कागदाच्या खालच्या कडेशी पोचेपर्यंत वरची कड सुकून जाते. जुलैत तोच कागद तासभर हट्ट धरून बसतो.

एका रविवारी प्रात्यक्षिक देणारे सर दूरच्या झाडीविषयी सांगत होते. “कागद वेट नको, ड्रायही नको. वेट असेल तर झाडी वाहून जाईल, ड्राय असेल तर कडा कापल्यासारख्या दिसतील. मधला हवा. डॅम्प.” मुलांच्या चेहऱ्यांवर काही उमटले नाही. तेव्हा खिडकीशी बसलेल्या आजी म्हणाल्या, “म्हणजे आंबटओला म्हणा की, सर. दोरीवरचे कपडे इस्त्रीसाठी काढतो तेव्हा असतात, तसा.” सर क्षणभर थांबले आणि हसून म्हणाले, “अगदी तोच शब्द, आजी. इतकी वर्षे शिकवतोय, पण सुचला नव्हता.”

भाषेच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे असे हे स्थळ आहे. शासनाचे भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले आणि त्याने नाना शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले. ते काम मोठे आहे आणि त्याची टवाळी करण्याची जी फॅशन आहे ती उथळ आहे. मात्र परिभाषा घडविणारा विद्वान बहुधा इंग्रजी संज्ञेपासून निघतो आणि संस्कृत धातूकडे जातो. वाटेत स्वयंपाकघर, परसू आणि वाळवण लागत नाही. ओलेपणाच्या जितक्या पायऱ्या मराठी बायकांनी दोरीवरच्या कपड्यांत, उन्हातल्या पापडांत आणि सारवलेल्या अंगणात मोजल्या, तितक्यांची जलरंगाला नेमकी गरज होती. निथळता, ओलाचिंब, ओला, ओलसर, आंबटओला, सुकत आलेला, कोरडा, खडखडीत वाळलेला. पोटमाळ्यावर हे शब्द आता रीतसर वापरात आहेत. निथळत्या कागदावर रंग टाकू नये, तो थरत नाही. ओल्यावर आकाश आणि ढग. आंबटओल्यावर दूरचे डोंगर व झाडी. आकार टिकतो आणि कडा मऊ राहतात. वाळल्यावर तारा, फांद्या, माणसे. आंबटओल्या अवस्थेतच सर्वांत मोठा धोकाही असतो. त्या वेळी कागदापेक्षा कुंचला अधिक ओला असेल तर आलेले पाणी अर्धवट बसलेल्या रंगकणांना बाहेर ढकलीत नेते आणि कातरलेल्या कडेचा एक डाग उमटतो. इंग्रजीत त्याला फुलकोबीचे नाव आहे. येथे कोणी कोबी म्हणत नाही. “फुलले” एवढेच म्हणतात, आणि ज्याचे फुलले त्याला सगळे समजून घेतात.

कागद कोणत्या पायरीवर आहे हे ओळखण्याची आजींची रीत घरचीच आहे. त्या पालथा हात कागदाला टेकवितात. गार लागला तर आत ओल आहे, मग वरून तो कितीही कोरडा दिसो.

याच टेबलाशी एक वयोवृद्ध काका बसतात. नगररचनेच्या कामात त्यांनी आरेखक म्हणून सारी नोकरी केली. ‘आरेखक’ हा सरकारी शब्द. ते स्वतःला ड्राफ्ट्समन म्हणवितात. संगणक येण्यापूर्वी विकास आराखड्यांचे मोठे नकाशे हाताने रंगवीत असत. निवासी भाग पिवळा, औद्योगिक जांभळा, मोकळ्या जागा हिरव्या. रंग पातळ, एकसारखा आणि खालच्या रेघा स्पष्ट दिसतील असा द्यावयाचा. फळी किंचित कलती ठेवून, भरलेल्या कुंचल्याने रंगाचा मणी वरून खाली आणीत न्यावयाचा आणि शेवटी तो मणी पिळलेल्या कुंचल्याने टिपून घ्यावयाचा, ही विद्या त्यांनी तीसएक वर्षे रोज केली. त्यांना निसर्गचित्र येत नाही. झाड काढले तर ते छत्रीसारखे दिसते आणि ते स्वतःच त्याला हसतात. शिवाय अलीकडे त्यांचा उजवा हात थरथरतो. पण सपाट वॉश द्यावयास बसले की डाव्या हाताने उजवे मनगट धरून ते असा एकसंध पट्टा उतरवितात की प्रात्यक्षिकाला आलेले नामवंतही वाकून पाहतात.

एकदा मंडळी शहराच्या कडेला एका टेकडीच्या पायथ्याशी चित्रे काढावयास गेली. समोर दहाबारा मजल्यांच्या इमारती होत्या. काका बराच वेळ कागद कोरा ठेवून बसले. मग कोणी विचारले तेव्हा म्हणाले, “ह्या तुकड्याला हिरवा मीच दिला होता.” एवढेच. नकाशावरचा तो हिरवा पुढे कसा, कधी आणि कोणाच्या सहीने बदलला, हा विषय त्यांनी काढला नाही. त्या दिवशी त्यांनी इमारतींच्या जागी एक पातळ हिरवा पट्टा दिला, वर आकाश दिले आणि कागद मिटला. मुलांना वाटले, चित्र अपुरे राहिले.

काकांची ही विद्या जलरंगाच्या या देशातील इतिहासाच्या मुळाशी आहे, हे त्या मुलांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. इंग्रजांबरोबर जलरंग आला तो बऱ्याच अंशी लष्करी अभियंत्यांच्या आणि मोजणीदारांच्या सामानातून. किल्ल्याचा नकाशा आणि डोंगराचे दृश्य एकाच पेटीतून निघत असे. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय १८५७ साली निघाले आणि त्यानंतर तीन पिढ्यांच्या आत मराठी चित्रकारांनी हे परके माध्यम असे पचविले की त्याचे परकेपण कोणाच्या लक्षातही राहू नये. कोल्हापूरचे आबालाल रहिमान रंकाळा व कोटीतीर्थ या तळ्यांच्या काठी एकटे काम करीत राहिले. १९२२ साली शाहू महाराज वारल्यावर शोकाने त्यांनी आपली असंख्य चित्रे पाण्यात सोडली, असे कोल्हापुरात सांगतात. आख्यायिका असेल, परंतु जलरंगाच्या चित्रकाराविषयीच ती निर्माण व्हावी यात औचित्य आहे. सावळाराम हळदणकर यांचे दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. ते १९४५-४६ च्या सुमाराचे आणि जलरंगातले आहे; तरी असंख्य प्रेक्षक ते राजा रविवर्म्याचे तैलचित्र समजतात. रविवर्मा १९०६ साली निवर्तला होता. दुकानात त्या चित्राची छापील प्रत मागावयास येणारे गिऱ्हाईक ‘रविवर्म्याची दिवेवाली’ असेच म्हणते आणि दुकानदार न कंटाळता दर वेळी दुरुस्ती करतो.

पोटमाळ्यावरील मंडळीचे नाते आबालालांच्या एकांताशी कमी आणि इंदूरशी अधिक आहे. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली तेथे चित्रशाळा काढली. ना. श्री. बेंद्रे आणि विष्णू चिंचाळकर हे त्यांचे विद्यार्थी. हिंदी भाषिक नगरात, मराठी शिक्षकाच्या हाताखाली ही मुले वर्गाबाहेर पडून रस्ते, घाट आणि बाजार रंगवू लागली. एकमेकांचे पाहून शिकणे हा तेथील शिक्षणाचा भाग होता. मराठी चित्रकलेचा इतिहास मुंबई-कोल्हापूरपुरता लिहिण्याची जी सवय लागली आहे, तिच्यात इंदूरचा हा अध्याय हकनाक बाजूला पडतो.

सगळेच काही गोड नाही. प्रात्यक्षिके पाहून शिकण्यात एक व्यंग आहे. पाहणाऱ्याच्या हाती युक्ती लवकर लागते, दृष्टी उशिरा. गेल्या काही वर्षांत पोटमाळ्यावरील निम्म्या चित्रांत पावसात भिजलेला रस्ता, त्यात उतरलेला तांबडा दिवा आणि पाठमोरा छत्रीवाला असतो. चाळीस मिनिटांत चित्र पुरे झाले पाहिजे, आणि तेही भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यापुढे, असा एक अलिखित दंडक होऊन बसला आहे. पाहुण्याने ज्या कंपनीची नळी वापरली तिची दुसऱ्या दिवशी विक्री वाढते, आणि दुकानदार साधू नसल्यामुळे त्याला ते वाईट वाटत नाही. चित्रे सुकली की दोरीला चिमट्याने टांगतात आणि मग प्रत्येकाने बोलावयाचे असते. पुण्यात स्तुतीची भाषा जपून वापरतात. “बरे झाले आहे” ही येथे मोठी पदवी. पण अलीकडे “अप्रतिम” फार ऐकू येते. आजींना ते आवडत नाही.

दुकानदाराच्या साधेपणाविषयी मात्र एक पुरावा दर्शनी खिडकीत लावलेला आहे. निरनिराळ्या रंगांचे पट्टे ओढलेला एक कागद, त्याचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकलेला. खिडकी पश्चिमेची आहे. वर्षअखेर पुठ्ठा काढला की कोणता रंग उन्हाला टिकला आणि कोणता उडाला ते दिसते. मातीचे रंग जसेच्या तसे असतात. अल्ट्रामरीन टिकतो. ॲलिझरिन क्रिमसन उडतो आणि भडक गुलाबी तर ओळखूच येत नाही. हा कागद पाहून कित्येक गिऱ्हाइके महाग नळी परत ठेवतात. एका तरुणीने आपल्या पहिल्या प्रदर्शनातली दोन चित्रे याच खिडकीपाशी उभी राहून आठवली. ती दोन्ही विकली गेली होती आणि दोहोंत गुलमोहराचा सगळा बहर त्या गुलाबीने काढला होता. घेणाऱ्यांना कळवावे की नाही यावर पोटमाळ्यावर त्या रविवारी चित्रे झालीच नाहीत, फक्त वाद झाला. बँकेतल्या गृहस्थांनी व्यवहार पुरा झाल्याचे सांगितले. आजी म्हणाल्या, “कळव, आणि उन्हात लावू नका म्हणून सांग.” तिने कळविले. त्यांपैकी एकाने चित्र परत पाठविले आणि दुसऱ्याने ते माजघरात हलविले.

पावसाळ्यात पोटमाळ्यावर कागद वाळत नाहीत. तरुण मंडळी केस सुकविण्याचे यंत्र आणतात आणि दोन मिनिटांत चित्र कोरडे करून पुढचा हात देतात. त्याने अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खाचांत बसून जे दाणे पडावयाचे ते नीट पडत नाहीत, असे काकांचे मत आहे. काहींना ते पटते, काहींना नाही. गेल्या पावसाळ्यापासून परीक्षेला बसणारी चार मुले शनिवारी संध्याकाळी काकांकडे सपाट वॉश शिकावयास येऊ लागली. त्यांना चित्र काढू दिले जात नाही. फळीखाली पुस्तक ठेवून उतार करावयाचा, वितभर चौकोन आखावयाचा आणि तो डाग न पडता भरावयाचा, एवढेच. एकेक मुलगा संध्याकाळी सात-आठ चौकोन वाया घालवितो. कागद दुकानदार देतो, तावांच्या उरलेल्या कडांचा. चौकोन भरून झाला की मुले त्यावर फुंकर घालू लागतात, आणि आजी असल्या तर पालथा हात टेकवून “गार आहे अजून” म्हणतात. खालून चहा येतो. पंखा संथ ठेवलेला असतो.